पहिला हेडफोन घेताय? आधी सांगा, ऐकता काय?

"ताय, बरो हेडफोन खयचो घेव?" गणपती जवळ आले की हा प्रश्न मला हमखास येतो. मुंबईहून येणाऱ्या भावाला किंवा काकाला काय आणायला सांगायचं, ते पोरांना ठरवायचं असतं. कणकवली तालुक्यात आमचं साउंड भाड्यानं देण्याचं काम आहे. डबलबारी (दोन बुवांच्या भजनांचा सामना) असो, दशावतार असो की शाळेचं गॅदरिंग, मिक्सरवर मी बसते. म्हणून हिला विचारावं असं सगळ्यांना वाटतं. मी उलट एवढंच विचारते, "तू आयकतस काय?" बहुतेक जण म्हणतात, "सगळाच."

हे उत्तर घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार पुढ्यात असेल तो डबा काढून देईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. गाण्यात आपला कान कशाकडे धावतो हे तुम्हालाच माहीत नसेल तर दुसऱ्याला कुठून कळणार? कंपनी, किंमत, रंग हे सगळं नंतर. आधी कागद-पेन घ्या.

कागदावर पाच-सहा गाणी लिहा. चारचौघांत सांगायला बरी वाटतात ती नकोत. तुम्ही खरोखर परत परत लावता ती हवीत. फोनमधली हिस्टरी उघडलीत की ती आपोआप समोर येतात. मग एकेक गाणं शांतपणे लावा आणि लक्ष कुठे जातंय ते बघा. शब्दांकडे? गाणाऱ्याच्या श्वासाकडे, हरकतीकडे? पखवाजाच्या ठेक्याकडे? की मागे हळूच वाजणाऱ्या सारंगीकडे, गिटारकडे? गाण्यापुढे ते एका शब्दात लिहून टाका. सहा गाण्यांतल्या चार ठिकाणी "ठेका" आलं तर तुमचं अर्धं काम झालं. सगळीकडे "शब्द" आलं तर तुमचा हेडफोन वेगळा.

दुसरी पायरीही फुकटातली आहे. फोनबरोबर आलेला किंवा घरात पडलेला कुठलाही इअरफोन लावा आणि फोनमधला इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे भाग कमी-जास्त करायची सोय, उघडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पाच पट्ट्या दिसतात: ६०, २३०, ९१०, ३,६०० आणि १४,००० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तितका आवाज खालचा, जाड. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढतं तसं वरचं टोक खाली येत जातं. या पाच पट्ट्या त्या सगळ्या प्रदेशाचे पाच जिल्हे समजा. तुमचं लाडकं गाणं लावा आणि एका वेळी एकच पट्टी पूर्ण खाली ओढा. ज्या पट्टीमुळे तुम्हाला "अरे, गाणंच गेलं" असं वाटेल, ती तुमची पट्टी. वर चढवून बघण्यापेक्षा खाली ओढून बघा, असं मी मुद्दाम सांगते. पट्टी वर चढवली की आवाज मोठा होतो, फाटतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. त्यातून आवड कळत नाही.

कुठल्या पट्टीत काय राहतं, तेही थोडक्यात सांगते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्याचा घुमार शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली. डग्गा, ढोल, डीजेचा बास तिथलाच. पेटीवर काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा मधला सा जवळपास १३९ हर्ट्झवर असतो, काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा २०८ वर. पण गळ्याची ओळख पटते ती या मूळ सुरांबरोबर उमटणाऱ्या वरच्या बारीक सुरांनी, स्वरांशांनी, म्हणजे काही शे ते दोन-तीन हजारांच्या मधल्या पट्ट्यात. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची धार दोन ते चार हजारांत. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तोही तिथेच. 'स', 'श' यांचा सुस्कारा पाच ते आठ हजारांच्या आसपास, आणि झांजेची चमक, घुंगरांची किणकिण त्याहून वर.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. स्वस्तातले बहुतेक हेडफोन खाली बास फुगवून आणि वर थोडी चमक चढवून बनवलेले असतात. मधला भाग त्यात दबतो. दुकानात अर्धा मिनिट ऐकलं की ते भारी वाटतं, कारण छाती धडधडते आणि झांज चमकते. पण आपल्या मराठी माणसाचं अर्धं ऐकणं शब्दावर चालतं: भावगीत, अभंग, नाट्यगीत, गझल, दशावतारातले संवाद. त्या हेडफोनात बुवा पखवाजाच्या मागे जाऊन उभे राहतात. तुमच्या कागदावर "शब्द" आणि "गळा" जास्त वेळा आलं असेल तर डब्यावर मोठ्या अक्षरात बास लिहिलेला हेडफोन कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

पण "ठेका" आला म्हणजे बासवाला हेडफोन चालेल, असंही नाही. आमच्या वाडीतला एक मुलगा पखवाज शिकतो. त्याला वाटायचं, जितका बास जास्त तितका पखवाज चांगला. मी त्याला एकाच भजनाचं रेकॉर्डिंग दोन हेडफोनांवर ऐकवलं. पहिल्यात डाव्या हाताचा प्रत्येक बोल सारखाच, "भुम्म". दुसऱ्यात बास मोजून थोडा कमी होता, पण कणीक जास्त झाल्यावर आवाज कसा जड पडतो, हात दाबला की सूर कसा सरकतो, हे नीट कळत होतं, आणि उजव्या हाताचा कडक "ता" सुटा वाजत होता. शिकणाऱ्याला दुसराच हवा. खालच्या आवाजात सूर ऐकू येतो का, हे बघा. नुसता धक्का जाणवत असेल तर तो हेडफोन ठेक्याचा नाही, गोंगाटाचा.

हिपहॉप, इलेक्ट्रॉनिक असं ऐकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्या संगीतात ३० ते ६० हर्ट्झमधला बास मुद्दाम रचलेला असतो, तो नीट वाजला नाही तर गाणंच अर्धं राहतं. त्यांनी बास खुशाल मागावा. कानात घट्ट बसणारा इअरफोन घेतला तर तो बास कमी पैशातही मिळतो.

बेंजो पार्टीवाल्यांनो, तुम्हाला एकच सांगणं. बेंजोचा टोकदार आवाज नेमका त्या दोन ते चार हजारांच्या तिखट पट्ट्यात येतो. वरचा भाग चढवलेला हेडफोन घेतलात तर वीस मिनिटांत कान दुखतील. थोडा मऊ, उबदार आवाजाचा शोधा.

देवगडला माझी मावशी आहे. ती फक्त जुनी नाट्यपदं आणि जुन्या तबकड्यांवरची भजनं ऐकते, तीही मोबाइलवर. तिच्यासाठी हेडफोन निवडताना मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झालं. त्याआधी गाणारा एका कर्ण्यासमोर उभा राहून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई खाच पाडायची. अशा मुद्रणात खालचा बास नाही, वरची चमक नाही. आहे तो मधला गळा आणि वर तबकडीची खरखर. महागडा, सगळं बारीक दाखवणारा, चमकदार हेडफोन लावला तर गाणं तेवढंच राहतं आणि खरखर दुप्पट होते! मावशीला हवा होता मधला भाग पुढे असलेला, वर शांत असलेला. शिवाय तिला कानात काही घातलेलं सहन होत नाही, आणि पडवीत कोणी हाक मारली तर ऐकू यायला हवं. कॉसचा पोर्टा प्रो, १९८४ पासून विकला जाणारा, कानावर टेकणारा, स्पंजच्या गाद्यांचा, हलका, उबदार आवाजाचा, तिला अगदी जुळला. आणखी एक: जुनी मुद्रणं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज नसलेली, असतात, आणि काही वेळा नक्कल करणाऱ्यानं ती एकाच बाजूला चढवलेली असतात. फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात "मोनो ऑडिओ" चालू केलं की दोन्ही कानांत सारखं ऐकू येतं. वयस्कर माणसाला एका कानानं कमी ऐकू येत असेल तरी हेच करा.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी माझी कसोटी तानपुरा आहे. नुसता तानपुरा लावा, पाच मिनिटं. जवारी (घोडीवर तारेला झंकार आणणारी घडण) नीट लागलेल्या तानपुऱ्यात वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. हेडफोनात ते वेगवेगळे दिसले तर तो तुमचा. नुसती गुणगुण आली तर पुढचा बघा.

प्रकाराकडे येऊ. कानात जाणारे, कानावर टेकणारे आणि पूर्ण कान झाकणारे, हे तीन सगळ्यांना माहीत आहेत. झाकणाऱ्यांत दोन जाती आहेत, त्या मात्र दुकानात फारसं कोणी सांगत नाही. बंद पाठीचा हेडफोन आवाज आत ठेवतो. उघड्या पाठीच्या मागे जाळी असते, त्यातून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. उघड्या पाठीत गाणं डोक्यात न वाजता समोर मोकळं वाजल्यासारखं वाटतं, बैठकीचं गाणं तर फार सुंदर लागतं. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा हेडफोन गळ्यासाठी आजही लोक मानतात. पण तो ३०० ओहमचा आहे, म्हणजे विजेला त्याचा अडथळा मोठा, म्हणून नुसत्या फोनवर त्याचा जीव वर येत नाही, वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. आणि आपल्याकडे जुलैत पत्र्यावर पाऊस तडतडत असताना उघड्या पाठीचा हेडफोन लावून काय ऐकणार? पहिलाच घेत असाल आणि घर लहान असेल, शेजारी कोणी अभ्यास करत असेल, तर तो आत्ता नको.

बंद पाठीच्यात ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स आणि सोनीचा एमडीआर-७५०६ हे दोन मी कामात वापरले आहेत. ७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओत चालत आलेला आहे. त्यात चुका लगेच सापडतात, म्हणून मिक्सरवर तो बरा. पण वरचा भाग जरा धारदार असल्यानं निवांत ऐकायला सगळ्यांना आवडेलच असं नाही. एम२०एक्स साधा आहे, आणि शिकणाऱ्या मुलाला पुरतो. दोन्हींत घाम मात्र येतो. आपल्या हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या लवकर सोलतात, त्यांवर बुरशी धरते. बदलून मिळणाऱ्या गाद्या आहेत का, हे घेण्याआधीच विचारा.

म्हणून आपल्या कोकणात पहिल्यांदा घेणाऱ्या बहुतेकांना मी वायरचा, कानात बसणारा इअरफोन सुचवते. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी या प्रकारात कमाल केली आहे. मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हनहर्ट्झचा सॉल्नोट्स झीरो असे इअरफोन दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतात आणि गळा स्वच्छ ऐकवतात. दोन्हींची वायर सुटी होते, आणि हे फार महत्त्वाचं आहे. खाऱ्या हवेनं आणि घामानं वायर हिरवी पडते, पिनेजवळ तुटते. सुटी असली तर दोन-तीनशे रुपयांत नवी घालता येते, अख्खा इअरफोन टाकावा लागत नाही. वीज गेली तरी त्याला चार्जिंग लागत नाही, हे पावसाळ्यात काय कामाचं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. फोनला गोल जॅक नसेल तर सी-टाइपचा छोटा डीएसी ॲडाप्टर, म्हणजे फोनमधला डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारा, घ्या.

आता कानात बसवण्याबद्दल. डब्यात रबराच्या लहान-मध्यम-मोठ्या टोप्या येतात आणि लोक जी लावलेली असते तीच कायम ठेवतात. टोपी सैल असली की बास गळून जातो आणि माणूस म्हणतो, "ह्येका बासच नाय." एका हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढा, दुसऱ्या हातानं इअरफोन आत फिरवत बसवा. बोलताना आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा झाला की बसला. दोन कानांना दोन मापं लागली तरी बिघडत नाही, पुष्कळांना लागतात.

बिनवायरचा नकोच असं माझं म्हणणं नाही. बोटीवर, शेतात, स्कूटर पार्क करून समुद्रावर चालताना तो सोयीचा. ब्लूटूथचे साधे कोडेकही (आवाज दाबून, लहान करून पाठवायच्या पद्धती) नीट वापरले तर यूट्यूबवरच्या भजनाला पुरेसे आहेत; एलडीएसी नावाचा वरचा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो हे खरं, पण मूळ रेकॉर्डिंगच मोबाइलवर उतरवलेलं असेल तर त्यानं काही वाढत नाही. पण दोन जणांनी तो घेऊ नये. एक, जो तानपुरा ॲप लावून रियाज रेकॉर्ड करतो किंवा कराओकेवर गातो, कारण आवाज क्षणभर उशिरा येतो. दुसरा, ज्याला एकच हेडफोन पुष्कळ वर्षं वापरायचा आहे, कारण त्यातली चिमुकली बॅटरी आधी थकते.

गोंगाट मारणारा, म्हणजे एएनसीवाला घ्यावा का? तुम्ही कुठे ऐकता त्यावर आहे. तो बाहेरचा आवाज माइकनं पकडून त्याच्या उलटा आवाज कानात सोडतो. पंखा, रेल्वेची एकसुरी घरघर अशा खालच्या, सतत चालणाऱ्या आवाजावर हे उत्तम चालतं. पत्र्यावरच्या पावसाची सरसर किंवा शेजारच्या सीटवरची चर्चा त्यानं पूर्ण जात नाही. कोकण रेल्वेनं वरचेवर मुंबई-कणकवली करणाऱ्या चाकरमान्यांना मात्र मी तो जरूर घ्या म्हणते, आणि त्याचं कारण कानाशी आहे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी आत शिरली की माणूस आवाज पूर्ण चढवतो आणि बाहेर आल्यावर कमी करायला विसरतो.

या आवाजाबद्दल मी कोणाशीही तडजोड करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास आहे. आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्यात फक्त चार तास. शिमग्याला ढोलाशेजारी उभं राहून आल्यावर कानात "सूंऽ" होतं ना, तशी खूण हेडफोन काढल्यावर एकदाही झाली तर आवाज कमी करा आणि त्या दिवशी कानाला सुट्टी द्या. कानातले केसासारखे बारीक तंतू एकदा गेले की परत उगवत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मी हे हात धरून सांगते.

डब्यावरच्या आकड्यांतलं थोडंच उपयोगाचं असतं. फोनवर थेट ऐकायचं तर १६ ते ३२ ओहमच्या आसपासचा बघा. ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, किती मिलिमीटरचा, यावरून आवाज चांगला की वाईट ते कळत नाही. "हाय-रेस"चं सोनेरी लेबल ४०,००० हर्ट्झपर्यंतचं असतं, आणि आपला कान २०,००० लाच थांबतो. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

दुकानात ऐकायला मिळालं तर तुमचीच गाणी लावा, आधी फोनवर उतरवून न्या, कारण आत नेटवर्क मिळेलच असं नाही. दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावा, नाहीतर जो मोठा तोच जिंकतो. माझी शेवटची कसोटी डबलबारीतला गजर आहे. बुवा, कोरस, पेटी, पखवाज, झांज सगळं एकदम टिपेला गेलेलं असतं. चांगल्या हेडफोनात तेव्हाही पेटीची बोटं ऐकू येतात आणि कोरसमधला मागचा एखादा चढा आवाज ओळखता येतो. वाईटात सगळ्याचा लगदा होतो. तुमच्याकडे भजन नसेल तर तुमच्या संगीतातली अशीच गर्दीची जागा घ्या: रॉकमधला शेवटचा भाग, लग्नातल्या बँडचं गाणं, काहीही. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा, आणि ते पहिले दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं ऐका. कानाला नवा आवाज सरावायला तेवढा वेळ द्यावा लागतो. पहिल्या तासातलं मत फार धरू नका.

घेतल्यावर जपणूक. ऐकून झालं की कोरड्या सुती फडक्यानं पुसून झाकणाच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. औषधांच्या आणि चपलांच्या खोक्यांत येतात त्या फेकू नका. पुड्या ओल्या झाल्या की नव्या घाला. रबराच्या टोप्या इअरफोनवरून काढून महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत बसवू नका. जॅक ओढताना वायरीला धरू नका, पिनेच्या बुंध्याला धरा.